मगदूमचं चौथं प्रकरण

“मगदूम, चौथं प्रकरण कुठं हाय? शेळीनं खाल्लं, का तूच खाल्लंस?”

सदलगे सरांचा हा आवाज वनस्पतिशास्त्र विभागाच्या व्हरांड्याच्या एका टोकाला सुटला की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा ट्रक झालेला असायचा. शेजारच्या प्राणिशास्त्रवाल्यांच्या बरण्यांतले बेडूक, ज्यांना मरून एक पिढी लोटली होती, ते पाय आखडून घ्यायचे. झाडावरचे बगळे उठून थेट रंकाळ्यावर जाऊन बसायचे आणि तिथं फिरायला आलेली माणसं म्हणायची, सदलग्यांनी आज मगदूमला धरला वाटतं. राग अगदी कळसाला गेला की सर मराठी सोडून कानडीत शिरत. मगदूमला कानडी सरांइतकीच यायची, त्यामुळं तिथंही त्याची सुटका नव्हती.

शांतिनाथ मगदूम या सगळ्या वादळात खिडकीपाशी उभा राहून पेन्सिलीला टोक काढत असायचा. सर दमले की तो पेन्सिल उजेडात धरून बघायचा आणि शांतपणे म्हणायचा, “सर, डोक्यात सगळं तयार हाय. फक्त उतरवून काढायचं राहिलंय.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नव्वदीचं दशक नुकतं लागलं होतं. शेवटचं ऐकलं तेव्हा भाजीवाल्याच्या खिशातसुद्धा मोबाईल वाजायला लागला होता. मधल्या काळात देशात काय काय झालं, पण या वाक्यातला काना-मात्रा हलला नाही.

आम्ही दोघं सदलगे सरांकडं पीएचडीला लागलो ते एकाच वर्षी. मी कोडोलीचा, मगदूम शिरोळकडचा, जैन शेतकऱ्याच्या घरातला. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही खोली घेतली होती. खोलीला लागून गच्ची, आणि गच्चीवर मगदूमच्या कुंड्या. त्याचा विषय होता चंदगडच्या डोंगरातले तेरडे. तेरडा म्हणजे गौरीच्या पूजेला लागतो तोच. पहिली तीन प्रकरणं त्यानं रडतखडत का होईना सरांच्या हातात ठेवली होती. डोंगर किती उंच, पाऊस किती पडतो, आधी कुणी काय लिहून ठेवलंय, असली ती प्रकरणं. गाडी अडली ती चौथ्यावर.

लिहायला बसण्याची त्याची तयारी तिकीट लावून दाखवावी अशी असायची. सकाळी टेबल पुसणार. मग टेबलाचे पाय पुसणार. एक पाय आखूड आहे हे लक्षात येणार. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवणार. मग टेबल दुसऱ्या बाजूला डुगडुगणार. दुपारी जेवायला हाक मारायला जावं तर टेबल उताणं पडलेलं आणि मगदूम त्याच्या पायांवर कानस चालवतोय.

“बैठक नीट पायजे मर्दा. एकदा बैठक बसली की एका दमात काढतो.”

करता करता त्या टेबलाचे पाय इतके घासले गेले की टेबलाचा पाट झाला. मगदूम मग जमिनीवर मांडी घालून लिहायला बसू लागला. मांडी घातली की पायाला मुंग्या यायच्या, मुंग्या आल्या की तो चकरा मारायला उठायचा, आणि चकरा मारता मारता गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घालायचा. अख्ख्या पेठेत एवढं पाणी फक्त पहिलवान पीत असतील.

फुटबॉलचा मोसम आला की मॅचच्या दिवशी पेठ ओस पडायची. गल्लीत कुत्रं राहायचं नाही. लिहायला याहून चांगली वेळ नाही. मगदूम म्हणायचा, “एवढ्या शांततेत मला सुचत न्हाय.” संध्याकाळी पोरं जिंकून हलगी कडाडवत परतली की म्हणायचा, “ह्या दंग्यात कोण लिहिणार?” आणि हरून परतली तर, “पेठेला सुतक पडलंय, आज बरं न्हाय दिसत.”

एकदा विद्यापीठात पुण्याहून एक व्याख्याते आले. विषय होता तरुण संशोधकांची चालढकल आणि तिच्यावरचे उपाय. मगदूम पहिल्या रांगेत. टिपणं काढली, शंका विचारल्या, पाहुण्यांना यष्टी स्टँडपर्यंत सोडून आला. पाहुण्यांनी सांगितलं होतं की मोठ्या कामाला माणूस भितो, म्हणून त्याचे बारीक तुकडे करा आणि रोज एक तुकडा हातावेगळा करा. मगदूमनं तुकडे केले. एकेका तुकड्याची एकेक चिठ्ठी करून भिंतीवर चिकटवली. चिठ्ठ्या वाढत वाढत भिंत, कपाट, आरसा, सगळं गिळत गेल्या. पंख्याचं बटण त्यांच्याखाली गेलं आणि तो उन्हाळा आम्ही घामात काढला. एका चिठ्ठीवर नुसतं ‘पेनात शाई भरणे’ असं होतं. ते काम पार पडलं त्या दिवशी त्यानं आम्हाला चहा पाजला.

दुसऱ्यांची कामं मात्र त्याच्या हातून वाघासारखी व्हायची. माझ्या प्रबंधातली सगळी चित्रं त्यानं काढली. पाना-फुलांचं असं चित्र काढायचा की मधमाशा फसाव्यात. विभागात कॉम्प्युटर आला तेव्हा प्रबंध टाईप करायचा म्हणून तो शिकला, आणि इतका शिकला की पुढं सगळ्या विभागाचे प्रबंध त्यानंच टाईप केले. स्वतःचा सोडून.

नाही म्हणायला ऋणनिर्देशाचं पान पहिल्याच वर्षी लिहून तयार होतं. त्यात सर होते, काकू होत्या, चंदगड गाडीचा कंडक्टर होता, जळवांवर तंबाखूचं पाणी लावायला शिकवणारा गुराखी होता. वर्षं गेली तशी त्यातली माणसं वारायला लागली. कुणी गेलं की मगदूम बैठक मारायचा आणि नावामागं ‘कै.’ घालून ते पान नव्यानं, वळणदार अक्षरात लिहून काढायचा. त्याच्या प्रबंधात नेमानं पुढं सरकत होतं ते एवढंच एक पान.

आता या काकू कोण ते सांगायला हवं. सुमित्रा काकू म्हणजे सदलगे सरांच्या पत्नी. आणि चौथं प्रकरण म्हणजे, एका अर्थानं, याच.

सरांच्या नावावर एक शोध होता. तरुणपणी चंदगडच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, समोरचं माणूस दिसू नये अशा धुक्यात, पायाला जळवा लावून घेत हिंडताना त्यांना एक तेरडा सापडला. दिसायला आपल्या नेहमीच्या तेरड्यासारखाच, पण पानाच्या पाठीवर मखमलीसारखी लव. ही जात नवी आहे असं सरांनी जगाला कळवलं, जगानं मान डोलावली, आणि सरांनी तिच्या लांबलचक लॅटिन नावाच्या शेपटाला आपल्या बायकोचं नाव जोडलं. बायकोसाठी कुणी शालू आणतं, कुणी पाटल्या करतं. सरांनी अख्खी जात केली.

त्या फुलाचं चित्र चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर लावलेलं होतं. त्याच्याखालनं कुणी न बघता जाईल अशी सोय नव्हती. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन वाकलेला असला तरी काकू त्याला थांबवायच्या. “ते बघिटलंस काय रे? माझं फूल हाय. चंदगडात घावलं. माझं नाव हाय त्येला.” गॅसवाला म्हणायचा, “छान हाय काकू,” आणि सर पेपरमागं गालातल्या गालात हसायचे. त्या वेळी सरांकडं बघून कुणालाही खरं वाटलं नसतं की हाच माणूस मेलेल्या बेडकांना दचकवतो.

सरांना मूलबाळ नव्हतं. मगदूमची आई तो शाळेत असतानाच गेली होती, आणि वडिलांशी बोलणं ऊस आणि पाणी एवढ्यापुरतं. दर रविवारी दुपारी तो सरांकडं जेवायला. काकू त्याच्यासाठी कांदा, लसूण, बटाटा यांतलं काही न घालता वेगळी भाजी टाकायच्या, वेगळ्या पातेल्यात. “शांतू, वाळलास की रं,” म्हणून तिसरी चपाती न विचारता वाढायच्या. ताटावर बसल्यावर सर प्रकरणाचा विषय काढत नसत. काकूंनीच तसा दंडक घातला होता. त्यामुळं रविवार दुपार ही मगदूमच्या आठवड्यातली एकमेव वेळ, जेव्हा त्याला कुणी काही मागत नव्हतं.

मग ते बोर्डाचं झालं.

प्रबंध देण्याआधी उमेदवारानं विभागापुढं उभं राहून आपलं काम सांगायचं असतं. मगदूमनं ते सांगितलं, आणि झकास सांगितलं. चौथ्या प्रकरणापाशी आला तेव्हा तेवढी घड्याळाकडं बघत वेळ मारून नेली. पण ही बातमी पेठेत गेली. आमच्या गल्लीतल्या तालमीचे कारभारी बंडा नाना. एकेकाळचे पहिलवान, कान चपटे, आणि गल्लीतलं कुणी दहावी पास झालं तरी चौकात अभिनंदन लावणारे. त्यांना एवढंच कळलं की वरच्या खोलीतल्या जैनाच्या पोरानं विद्यापीठात भाषण ठोकलं आणि प्रोफेसरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात दोन मजली डिजिटल बोर्ड. ते बोर्ड तेव्हा नुकते निघाले होते आणि पेठेला त्यांचं याड लागलं होतं. मागं उगवता सूर्य, एका कोपऱ्यात डरकाळी फोडणारा वाघ, मधोमध मगदूम. त्याचा फोटो त्यांनी कुठल्या तरी लग्नातल्या पंगतीचा मिळवला होता, त्यामुळं पेठेचा वाघ जिलबी खात होता. खाली लिहिलेलं, ‘तेरड्यावर मात करून डॉक्टर झाल्याबद्दल डॉ. शांतिनाथ मगदूम यांचं हार्दिक अभिनंदन.’ त्याखाली शुभेच्छुकांची नावं, त्यात माझंही, मला न विचारता.

मगदूम चुन्यासारखा पांढरा पडला. तालमीत जाऊन म्हणाला, “नाना, मी अजून डॉक्टर झालो न्हाय.”

“व्हणार हाईस न्हवं?”

“व्हणार हाय. पण चौथं प्रकरण लिहायचं राहिलंय.”

“मग लिही की. बोर्ड लावलाय तो काय उतरत न्हाय आता. तू बोर्डाला गाठ.”

तालमीच्या पोरांनी गुलाल आणून ठेवला होता तो उधळला. गल्लीतल्या बायकांनी ओवाळलं. ज्यानं अजून काही केलंच नव्हतं त्याचं सगळं कौतुक होऊन गेलं. माणसानं पुढं काय म्हणून काही करावं? त्या दिवसापासून मगदूम विद्यापीठात जायला भलत्याच बोळातनं वळसा घालू लागला.

मी मात्र त्या दिवशी तापलो होतो. माझा प्रबंध कधीच होऊन गेला होता, मला एका कॉलेजात नोकरी लागली होती, आणि हा इथं चिठ्ठ्यांच्या भिंतीआड बसून. गच्चीवर गाठून मी त्याला घोळसला. म्हटलं, “भाड्या, लोकांनी तुझी वरात काढली आणि तुझ्या हातून एक प्रकरण निघंना? लाज कशी वाटत न्हाय?”

मगदूमनं माझं मनगट धरलं आणि मला कुंड्यांपाशी नेलं. कुंड्यांच्या दोन ओळी होत्या, दोन्हींत तेरडे टरारून आलेले.

“ही एक वळ साध्या तेरड्याची. दुसरी सरांच्या. बी सड्यावरनं मीच आणलंय. वळख बघू कुठली कुठली.”

मी पानं उलटी केली. बोट फिरवलं. दोन्ही ओळींत पानाची पाठ गुळगुळीत. कुठं लव नाही, मखमल नाही. मीसुद्धा त्याच शास्त्राचा डॉक्टर, पण मला ओळखू आलं नाही, कारण ओळखण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

“सड्यावर वारं, धुकं, म्हणून त्येला लव येती. इथं खाली आणला की जाती. दर पावसाळ्यात लावून बघतोय. येगळी जात न्हवं ही. एकच हाय.” मगदूम खाली बसला आणि एका कुंडीतलं गवत उपटू लागला. “हेच हाय चौथं प्रकरण.”

“मग लिही. आणखी काय पायजे तुला? ह्यावरच पीएचडी मिळंल.”

“आणि काकूंना कोण सांगणार?”

मोठ्या मनाचा आहे गडी, असं मला वाटलं. आता इतक्या वर्षांनी मात्र मला तेवढं साधं वाटत नाही. टेबलाचे पाय तो कुंड्यांच्या आधीपासून घासत होता. ज्याला लिहायचं नसतं त्याला पेन्सिलीचं टोकही पुरतं. मगदूमच्या दैवानं त्याला पेन्सिलीऐवजी काकू दिल्या. साध्या आळसाला कुणीतरी हटकतं. पण आळसाला असं सोन्यासारखं कारण मिळालं की त्याला कुणी हात लावत नाही. तो माणूसही नाही, आणि त्याचे मित्रही नाहीत. मीही त्यानंतर त्याला कधी विचारलं नाही.

सरांनी मात्र सोडलं नाही. व्हरांड्यातला आवाज वर्षागणिक वाढतच गेला. “मगदूम, चौथं लिही. मी हाय तोवर लिही. माझ्यामागं तुला कोण विचारणार हाय?” आम्हाला वाटायचं, म्हातारा खडूस झालाय.

सर निवृत्त झाले. शाल आणि नारळ हातात घेऊन व्यासपीठावरनं उतरताना त्यांनी गर्दीत मगदूमला हुडकून काढलं, आणि पहिल्यांदाच ते ओरडले नाहीत, नुसते बघत राहिले. विद्यापीठानं मगदूमची नोंदणी रद्द केली. दुसऱ्या मार्गदर्शकाकडं जाता आलं असतं. तो म्हणाला, “नव्या माणसाला पहिल्यापासनं कोण सांगत बसणार?” पदवी नाही म्हणून कायमची नोकरी नाही. एका कॉलेजात तासावर शिकवायचा. तास झाले तर पगार, सुट्टी लागली की उपास. मुलगी सांगून यायची, तिचे वडील विचारायचे, पीएचडी झाली का. मगदूम सांगायचा, फक्त उतरवून काढायची राहिलीय. पाव्हणे चहा पिऊन जायचे, परत यायचे नाहीत. चौकातल्या बोर्डाचा रंग उन्हानं उडत गेला. आधी वाघ गेला, मग सूर्य, मग जिलबी. शेवटी पांढऱ्या फडक्यावर नुसतं ‘डॉ.’ तेवढं राहिलं.

रविवारचं जेवण मात्र चुकलं नाही.

असाच एक रविवार. मी कोल्हापुरात आलो होतो, म्हणून मगदूमबरोबर सरांकडं गेलो. सर खुर्चीत बसले होते, मांडीवर त्यांच्याकडं पोष्टानं येणारं संशोधनाचं मासिक उघडं. आम्ही सोफ्यावर बसलो, बरोबर त्या चित्राखाली. सरांनी चष्मा काढला.

“बेंगळूरची कोण पोरगी हाय. दोन पानांत उरकलंय तिनं. सड्यावरचं बी खाली आणून कुंडीत लावलं म्हणती. लव गेली. येगळी जात न्हाय, म्हणून लिवलंय.” सरांनी पान उलटलं, पलीकडं काही नव्हतं, परत उलटलं. “बरोबर हाय तिचं. नाव जाणार आता.”

मगदूम पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, “सर, मी बी लावलेल्या कुंड्या.”

“कधी?”

“तुम्ही विषय दिला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात.”

ज्या आवाजानं बगळे उठायचे तो आवाज येईल म्हणून मी अंग चोरलं. पण सर इतक्या खालच्या आवाजात बोलले की मला पुढं वाकावं लागलं.

“मी त्याच्या आधी लावलेल्या. इथं मागच्या परसात. म्हणून तर विषय तुला दिला. माझ्या हातनं ते लिहवंना रे. हिचं नाव मीच लावायचं आणि मीच खोडायचं. म्हटलं, हे पोरगं हुशार हाय, हे लिहील. मी वाटच बघत बसलो.”

त्या व्हरांड्यात इतकी वर्षं जे ओरडणं ऐकलं ते खडूसपणाचं नव्हतं, गयावया होती. आणि ज्याच्यापुढं ती चालली होती तो पेन्सिलीला टोक काढत उभा राहिला होता, त्याच काकूंच्या मायेपोटी. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. मगदूमचे केस मागनं पांढरे झालेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

आतनं काकू आल्या. हाताला पीठ. “पानं घेतली हाईत, चला की.”

सर म्हणाले, “सुमित्रा, जरा बस.”

“चपात्या तव्यावर हाईत.”

काकू उभ्याच होत्या, तशातच सरांनी सांगून टाकलं. ते फूल वेगळं नाही. साधा तेरडाच आहे. आता त्याला तिचं नाव राहणार नाही. सांगताना त्यांचा हात मासिकावर होता. मगदूम सोफ्याच्या काठावर आला होता, काकू पडल्या तर धरायला म्हणून असेल.

काकूंनी मान वर करून चित्राकडं बघितलं.

“वाईट वाटलं का गं?” सरांनी विचारलं.

“कशाचं?” काकू म्हणाल्या. “काढा मग ते खाली. त्या खिळ्याला कॅलेंडर लावायला बरं पडंल.”